झीसिसच्या बंदुकीचा पट्टा

बकलापासूनचे तिसरे भोक गोल नाही. बाकीची भोके आरीने पाडली तशीच गोल राहिली आहेत, पण हे एक वरच्या बाजूला ताणले जाऊन लांबट झाले आहे, जवसाच्या दाण्यासारखे. एकाच दिशेने, एकाच वजनाने, कितीतरी हिवाळे ओढ बसली की चामड्याचे असे होते. मित्रांनो, ते भोक माझ्या अंगावरचे आहे. मी शिकारीच्या दुनळी बंदुकीचा पट्टा आहे. माझे एक टोक नळीखालच्या कडीत अडकते, दुसरे लाकडी दस्त्याच्या कडीत, आणि मधला सगळा मी एका माणसाच्या खांद्यावर असतो. ज्या वजनाने मला ताणले, त्या वजनाची मला अजून भीती वाटते. ती का, हे सांगण्यासाठी मला पहिल्यापासून सुरुवात करायला हवी.

माझा जन्म योआनिना शहरात झाला. तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत एक खोगीरवाला बसत असे. ओकच्या सालीच्या पाण्यात कमावलेले बैलाचे कातडे त्याने रापीने कापले, ओल्या फडक्याने घासून माझ्या कडा गुळगुळीत केल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही टोके दुहेरी शिवली. पुढच्या टोकाला त्याने पितळेचा आकडा बसवला. तो अंगठ्याने दाबला की मी नळीपासून लगेच सुटा होतो. दाट झुडपात शिरताना पट्टा फांदीला अडकू नये, म्हणून ही सोय.

मला न्यायला दोघे जण आले होते. एक झीसिस. तो डोंगरातल्या एका गावात लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करत होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. दुसरा त्याच्या बायकोचा भाऊ, आपोस्तोलिस. झीसिस मला उलटसुलट करून पाहत होता, एकेका टाक्यावरून नख फिरवत होता, आणि आपोस्तोलिस दारात उभा राहून कंटाळला होता.

"दाजी, माझ्या बहिणीला अंगठी घेताना एवढा वेळ नव्हता लावलास तू!"

"अंगठीला काय माझ्याबरोबर डोंगर चढायचाय, मेव्हण्या?"

"आणि हा चढणार? झुडपात अडकून लोंबकळत राहशील. मग मीच येईन तुला पिकल्या अंजिरासारखा तोडायला. शिकाऱ्यानं बंदूक हातात धरावी. खांद्यावर घ्यायला ती काय गवताची पेंढी आहे?"

खोगीरवाला हसला नाही. त्याने मला दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि झीसिसच्या हाती दिले. "हे बघ पोरा, पट्ट्यानं हात मोकळे होतात. हात मोकळे झाले की माणूस निवांत होतो, आणि पाठीवर बंदूक आहे हे त्याच्या ध्यानात राहत नाही. खांद्यावर असताना नळीत काही ठेवू नकोस."

"माझ्या काकानं तेच शिकवलंय," झीसिस म्हणाला. "पट्टा खांद्यावर, काडतुसं कमरेला."

"मग ठीक आहे. आणि भिजला तर शेगडीपाशी नको वाळवूस. तडकेल."

ह्या दोन्ही गोष्टी झीसिसने पुष्कळ वर्षे पाळल्या. मला त्याने कधी शेगडीजवळ टांगले नाही. हंगाम संपला की तो मला पुसून चरबी चोळत असे, शिवण तपासत असे, आकड्याच्या फटीत तेलाचा थेंब सोडत असे. गावात नवा शिकारी कोणी आला की तो मला दाखवून म्हणे, "हा बघ. माझ्या संसाराएवढा जुना आहे, आणि तक्रार कमी करतो." त्याची बायको लाम्ब्रिनी आतून ओरडे, "मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांग!" ते दिवस चांगले होते.

आमची शिकार बेकात्सा नावाच्या पक्ष्याची. लांब चोच, मोठे काळे डोळे, आणि अंगाचा रंग हुबेहूब सुकलेल्या पानांचा. उत्तरेकडे बर्फ पडले की हे पक्षी आमच्या ओकच्या आणि चेस्टनटच्या रानात उतरतात आणि पानांत बसून राहतात. बसलेली बेकात्सा माणसाला दिसत नाही. तिचा वास कुत्र्यालाच लागतो. म्हणून आमच्याकडे कुत्र्याच्या गळ्यात घंटा बांधतात. कुत्रे दाट झाडीत दिसेनासे झाले तरी घंटा वाजत राहते आणि ते कुठे आहे ते कळते. घंटा थांबली, म्हणजे कुत्रे पक्ष्यासमोर पुतळ्यासारखे उभे राहिले. मग शिकारी खांद्यावरून बंदूक उतरवतो, काडतुसे भरतो आणि हळूहळू त्या शांततेकडे जातो.

ह्यातूनच आमच्या लोकांचा एक नियम झाला आहे. तो कोणी मुलांना मुद्दाम शिकवत नाही, तो सगळ्यांना ठाऊकच असतो. घंटा वाजते आहे तोवर कोणी चाप ओढत नाही. त्यामुळे घंटा वाजत असताना सोबतचा माणूस बिनघोर खाली बसतो, बुटाची नाडी बांधतो, पाव खातो, आळंबी खुडतो. त्या किणकिणीवर त्याचा जीव सोपवलेला असतो.

घंटा थांबली की झीसिसचा अंगठा माझ्याखाली सरके. मी खांद्यावरून घसरत कोपरापर्यंत येई आणि बंदूक त्याच्या हातात असे. इतक्या वेळा हे घडले की घंटा थांबताच मीच अंगठ्याची वाट पाहू लागे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खांद्यावरच्या बंदुकीची नळी कुणीकडे तोंड करून आहे हे बंदूकवाल्याला दिसत नाही, कारण ती त्याच्या पाठीमागे असते. मला मात्र कळते, कारण ती वळली की मला पीळ बसतो. सरळ चालताना नळी आभाळाकडे असते. पण आडव्या फांदीखालून जायला माणूस वाकला, की नळी त्याच्या डोक्यावरून पुढे झुकते आणि पुढे चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर रोखली जाते. झीसिस रोज वाकत होता. पुढे बहुतेक वेळा आपोस्तोलिस असे. पण नळ्या रिकाम्या असत, म्हणून मी निर्धास्त होतो.

वर्षे गेली. झीसिसच्या मिशा पांढऱ्या झाल्या. गिरणीतली करवत दिवसभर त्याच्या कानाशी किंचाळत होती. असा आवाज वर्षानुवर्षे ऐकला की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. जाड आवाज उरतात. ट्रकचे इंजिन, मेघगर्जना, आपोस्तोलिसचा घोगरा आवाज, हे सगळे झीसिसला नीट ऐकू येत होते. म्हणून गावात कोणाच्या काही लक्षात आले नाही. पाखरांची चिवचिव, उकळत्या किटलीची शीळ, लाम्ब्रिनीचा आवाज, हे त्याच्यापासून हळूहळू दूर गेले. आणि घंटा.

त्या वेळी आमच्याकडे मेल्पो होती. सेटर जातीची कुत्री, पांढरी, कानांवर तपकिरी. तिच्या गळ्यात पितळेची छोटी घंटा होती. एका हिवाळ्यात झीसिसने ती काढून मोठी बांधली. पुढच्या हिवाळ्यात त्याने एका धनगराकडून मेंढ्याची काशाची घंटा आणली.

कॉफीच्या दुकानात हसूच हसू झाले. आम्ही शिकारीवरून येताना तिथे थांबत असू, आणि मी खुर्चीच्या पाठीला लटकून सगळे ऐकत असे.

"दाजी, कुत्री आहे की मेंढी?" आपोस्तोलिस म्हणाला. "दूध देते का नाही?"

"पुढच्या वर्षी चर्चची घंटा बांध रे," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले. "रविवारी पाद्रीबाबाचं काम वाचेल."

"वारा फार असतो वर," झीसिस म्हणाला. "छोटी घंटा वाऱ्यात विरते." आणि त्याने त्सिपुरो नावाच्या कडक दारूचा पेला एका घोटात संपवला. सगळे हसले आणि तोही हसला. टेबलाखाली मेल्पो मान जमिनीला टेकून पडली होती. जड घंटेने तिच्या गळ्याचे केस झिजले होते.

पण काशाची घंटासुद्धा त्याला जवळूनच ऐकू येई. मेल्पो ओढ्यापलीकडे गेली की त्याच्यापुरती घंटा थांबे. मला ती स्वच्छ ऐकू येत असे, डावीकडे, वरच्या अंगाला, वाजत वाजत दूर जाताना, आणि तेवढ्यात अंगठा माझ्याखाली सरके. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मला वाटले, त्याला खाज आली असेल. दुसऱ्यांदा झाले तेव्हा मी घाबरलो. तो बंदूक हातात घेऊन, जिथे शेवटची किणकिण ऐकली होती तिथे दबकत निघाला. तिथे कुत्री नव्हती आणि पक्षीही नव्हता. तो थांबला, इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याच्या तळहाताचा घाम माझ्यात झिरपला. थंडी इतकी होती की डबक्यांवर बर्फाची साय धरली होती.

मेल्पोला त्याच्या आधी कळले. ती पक्ष्यासमोर उभी राहून वाट पाही, आणि तो येत नाही असे दिसले की परत येऊन त्याच्यासमोर उभी राही, त्याच्या तोंडाकडे बघे आणि वळून पुन्हा त्याला त्या जागी नेई. झीसिस गावात सांगे, "माझी कुत्री बोलावून नेते मला, एवढी हुशार आहे." खरे कारण त्याने कोणाला सांगितले नाही.

लाम्ब्रिनी फसली नाही. एका सकाळी ती त्याच्या पाठीमागे उभी राहून बोलत होती. मी दाराजवळच्या खिळ्यावर होतो. ती बराच वेळ बोलली, मग थांबली, आणि समोर येऊन त्याच्या हातातली भाकरीची सुरी काढून घेतली.

"काय सांगितलं मी आत्ता?"

"कांद्याच्या पातीचं काहीतरी."

"मी म्हटलं, घराला आग लागलीये. झीसिस, तुला घंटा ऐकू येत नाही ना?"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आपोस्तोलिसला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मग तुला जास्त लाज वाटेल."

"सांगतो," झीसिस म्हणाला. "हा हंगाम होऊ दे."

हंगाम झाला. त्याने सांगितले नाही. लाम्ब्रिनीनेही भावाला काही सांगितले नाही. नवरा दिलेला शब्द पाळेल, असे तिला वाटत राहिले. पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, "एवढा हंगाम होऊ दे." बंदूक ठेवून दिली की गावात आपण काय उरणार, ह्या विचाराने तो गप्प राहत होता, असे मला वाटते. रविवारी सगळे डोंगरावर गेलेले असताना कॉफीच्या दुकानात एकट्याने बसायचे, हे त्याला दिसत होते. त्याची भीती मला कळत होती. पण माझी भीती वेगळी होती आणि मोठी होती.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी झीसिसने मला खांद्यावर घेतले आणि वजन वेगळे लागले. फरक थोडाच होता, कोंबडीच्या मोठ्या अंड्यापेक्षा जरासा जास्त. दुसऱ्या कोणाला तो कळला नसता. पण मी आयुष्यभर एकच वजन उचलत आलो होतो. बंदुकीत दोन काडतुसे होती.

घंटा थांबल्याचे कळत नाही, म्हणजे काडतुसे भरायला सवड मिळत नाही. मेल्पो परत येऊन त्याला नेईपर्यंत पक्षी उडून जातो. म्हणून त्याने काकाचा नियम सोडला होता. सुरक्षेचा खटका ओढलेला होता हे खरे, पण तो खटका माझ्याएवढाच जुना होता, आणि त्याचा सैलपणा मला दस्त्याच्या लाकडातून जाणवत असे.

त्या दिवशी आपोस्तोलिस पुढे होता. पाऊलवाट एका पडलेल्या ओकच्या खोडाखालून जात होती. आपोस्तोलिस वाकून गेला. मागून झीसिस वाकला. नळी त्याच्या डोक्यावरून पुढे आली आणि आपोस्तोलिसच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, रोखली गेली. मला पीळ बसला. माझ्या मागच्या शिवणीतला एक टाका उसवला. मी चामडे आहे, मला हात नाहीत, तोंड नाही. आवळून धरणे एवढेच मला येते. मी आवळून धरले. झीसिस खोडाखालून बाहेर आला, ताठ उभा राहिला आणि नळी पुन्हा आभाळाकडे गेली.

"दाजी, म्हातारा झालास," आपोस्तोलिस मागे न बघता म्हणाला. "वाकताना तुझी हाडं वाजतात, मला इथवर ऐकू येतं."

त्यानंतर वाटेत अशा किती फांद्या आल्या, ते मी मोजले नाही. प्रत्येक फांदी दुरून दिसली की मला धडकी भरे.

मित्रांनो, आता त्या दुपारची गोष्ट. चेस्टनटच्या रानाखाली एक उतार आहे. तिथे कमरेएवढे नेचे वाढतात आणि हिवाळ्यात ते सुकून तांबूस होतात. झीसिस उताराच्या खालच्या कडेला होता आणि आपोस्तोलिस वरच्या. मेल्पो ओढा ओलांडून पलीकडे गेली. तिची घंटा वाजत होती. ती वाजत होती हे मी पुन्हा सांगतो, कारण सगळे त्यावरच होते. ती आपोस्तोलिसलाही ऐकू येत होती. म्हणून तो निवांतपणे खाली बसला आणि नेच्यांत उगवलेली आळंबी खुडू लागला. त्याची टोपी तपकिरी होती.

झीसिस थांबला. त्याच्या कानात शांतता होती. त्याने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. अंगठा माझ्याखाली आला.

मी घसरलो. मला वाटले होते की एखाद्या काटेरी झुडपात अडकेन आणि त्याला थोडा उशीर करेन. पट्टे अडकतात, सगळे शिकारी त्याबद्दलच पट्ट्यांना शिव्या देतात. त्या दिवशी मी अडकलो नाही. मी लोण्यासारखा खाली आलो आणि बंदुकीखाली लोंबकळू लागलो.

समोर नेचे हलले. त्यांत काहीतरी तपकिरी वर आले.

बार झाला. मी हादऱ्याने झुललो आणि त्याच्या मनगटावर आपटलो. पलीकडे घंटा क्षणभर थांबली आणि पुन्हा वाजू लागली.

नेच्यांतून आपोस्तोलिस उभा राहिला. हातात आळंब्यांची पिशवी होती.

"काय होतं?"

झीसिसने नळी खाली केली. "बेकात्सा."

"मला नाही दिसली."

"गेली."

"आणि तू चुकलास? तू?" आपोस्तोलिस मोठ्याने हसला. "थांब, आज गावात सांगतोच सगळ्यांना." मग त्याचे हसू जरा ओसरले. त्याने ओढ्याकडे पाहिले. "पण घंटा तर वाजत होती रे."

"मध्येच थांबली होती," झीसिस म्हणाला.

 आपोस्तोलिसने टोपी काढली आणि झटकली. टोपीवरून, खांद्यांवरून चेस्टनटच्या डहाळीचे बारीक तुकडे आणि फाटकी पाने खाली पडली. छर्ऱ्यांनी ती त्याच्या डोक्यावरूनच कापून आणली होती. बेकात्सा उडते ती सरळ वर, म्हणून झीसिसने सवयीने नळी जराशी उंच धरली होती, एवढेच. त्यात माझे काही श्रेय नाही. आपोस्तोलिसने पाने पाहिली नाहीत. झीसिसने पाहिली.

घरी आल्यावर त्याने मला खिळ्यावर टांगले नाही. मांडीवर घेऊन बसला आणि चरबी चोळू लागला. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.  लाम्ब्रिनीने कांद्याची पात भरून भाजलेली गरम पोळी त्याच्यासमोर ठेवली. ती तशीच निवली.

"काय झालं?" तिने त्याच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत विचारले.

"पाठ धरलीये."

पाठ पुष्कळ रविवार धरलेलीच राहिली. मी खिळ्यावर होतो. माझ्यावर पांढरी बुरशी आली. उसवलेला टाका कोणी शिवला नाही. मेल्पो दाराशी येऊन माझा वास घेई आणि परत जाऊन बसे. दुर्लक्ष झाल्याचे दुःख पट्ट्यांना असते. पण खरे सांगतो, ते माझे सर्वांत निर्धास्त दिवस होते. खिळ्यावर लटकलेल्या पट्ट्याची नळी कोणाच्या पाठीवर नसते.

मित्रांनो, चामड्याची निगा राखणे सोपे आहे. ओले झाले तर सावलीत वाळवावे, वर्षातून एकदा चरबी लावावी, टाका उसवला तर लगेच शिवून घ्यावा. तुम्ही तेवढे करालच. पण तुमच्या जवळच्या माणसाच्या कानांत, डोळ्यांत, हातांत काही कमी होत असेल आणि तो ते हसून लपवत असेल, तर त्याला चिडवू नका, आणि मुकाट्याने बाजूलाही होऊ नका. त्याला बोलू द्या. आणि ती कमतरता तुमच्यातच असेल, तर दुसऱ्याच्या जिवापेक्षा ती लाज मोठी मानू नका. मला तोंड असते, तर मी हे त्या खोडाखालीच ओरडून सांगितले असते.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी आपोस्तोलिस भल्या पहाटे दारात आला. रात्री बर्फ पडले होते.

"ऊठ दाजी! पाठ गेली खड्ड्यात. वरचं रान झाकलं गेलंय, सगळ्या बेकात्सा खालच्या झाडीत उतरल्या असतील. एकटा गेलो तर कुत्री कुठून आणू? माझी बिचारी तर मेली."

लाम्ब्रिनी चुलीपाशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. झीसिसने मला खिळ्यावरून काढले.

 ट्रकमध्ये दोनदा त्याने घसा खाकरला. आपोस्तोलिस शेताबद्दल, जावयाबद्दल, गळणाऱ्या छपराबद्दल बोलत राहिला. ट्रक थांबला. बर्फावर तिघांची पावले उमटू लागली, दोघांची आणि मेल्पोची. ओढ्याच्या काठाला काटेरी झुडपांची अशी दाट झाडी आहे की आत गेलेला माणूस लगेच दिसेनासा होतो. तिथे एक जण कुत्र्याबरोबर आत शिरतो आणि दुसरा बाहेर कडेला उभा राहतो. आतून पक्षी उडाला की बाहेरच्याने तो टिपायचा.

झीसिसने बंदूक उघडली, दोन काडतुसे घातली आणि मिटली. मला ते वजन लागले आणि माझ्या अंगातले चामडे जणू सुकून ताठ झाले. त्याने मला खांद्यावर घेतले.

"आज मी जातो आत," आपोस्तोलिस म्हणाला. "तुझी पाठ आहे, तू इथं कडेलाच राहा. घंटा थांबली की मी दबकत पुढे सरकेन, तू तयार राहा. कळलं?"

झीसिसने त्याच्या ओठांकडे पाहून मान हलवली.

मेल्पो झाडीत शिरली. तिच्यामागे आपोस्तोलिस, हातांनी काटे बाजूला करत, वाकून. त्याची तपकिरी टोपी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. घंटा वाजत होती, जवळ, मग जरा लांब, मग आणखी लांब. झीसिसने डोके एका बाजूला कलते केले. तो ऐकत होता. माझ्याखाली त्याच्या छातीचे ठोके इतके जोरात पडत होते की मीही त्यांच्याबरोबर हलत होतो. घंटा वाजतच होती.

झाडीची एक फांदी हलली. तिच्यावरचे बर्फ खाली सांडले.

अंगठा माझ्याखाली आला. मी घसरलो. नळी खाली आली, त्या हलत्या फांदीकडे वळली, आणि तिथेच थांबली.  फांदीमागे काहीतरी तपकिरी होते. ते पान असेल, पक्षी असेल, टोपी असेल. मला कळले नाही. त्यालाही कळले नाही.

मग त्याने बंदूक उघडली. काडतुसे बर्फात पडली आणि रुतली. त्याने माझा आकडा दाबला. मी नळीपासून सुटलो आणि बर्फावर लोळलो.

"आपोस्तोलिस!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की झाडीवरून पक्षी उडाले. "बाहेर ये! मेव्हण्या, बाहेर ये आधी!"

काटे मोडत आपोस्तोलिस बाहेर आला. त्याच्या गालावर ओरखडा होता. "काय रे? साप बघितलास का हिवाळ्यात? घंटा तर अजून..."

"ती वाजतेय का?" झीसिसने विचारले.

आपोस्तोलिसने त्याच्याकडे पाहिले. मग उघड्या बंदुकीकडे, मग बर्फातल्या काडतुसांकडे. 

"वाजतेय, दाजी," तो हळू म्हणाला. मग त्याला काहीतरी उमगले, आणि तो एक पाऊल जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "वाजतेय."

"मला नाही ऐकू येत. कधीपासूनच नाही. त्या दिवशी नेच्यांत बेकात्सा नव्हती, आपोस्तोलिस. तू होतास." झीसिसने बंदूक त्याच्या हातात दिली आणि रिकामे हात कोटावर पुसले. "आजपासून मी बंदूक घेऊन जंगलात येणार नाही."